दीड लाखाचा एक रुपया

एखाद्या पतसंस्थेच्या संकेतस्थळावर कर्जाचा अर्ज आहे असं समजा. 'हवी असलेली रक्कम' या रकान्यात सभासद लिहितो १,५०,०००. पावतीवर, चेकवर, वहीत आपण अशीच रक्कम लिहितो. बटण दाबल्यावर 'अर्ज स्वीकारला' असा संदेश येतो, सभासद निर्धास्त होतो, आणि डेटाबेसमध्ये त्याच्या नावापुढे रक्कम पडते एक रुपया.

कोडमध्ये कुठे एरर आली म्हणावं, तर तीही नाही. पीएचपीमध्ये आलेल्या स्ट्रिंगला 'इंट' लावून पूर्णांक केला, किंवा नोडमध्ये 'पार्सइंट' वापरलं, तरी घडतं एकच. डावीकडून अंक वाचत जायचं, अनोळखी चिन्ह दिसलं की थांबायचं, आणि तोवर हाती आलेलं परत द्यायचं. इथे पहिल्या अंकानंतरच स्वल्पविराम आला, म्हणून उत्तर एक. कोणी '२५ हजार' लिहिलं तर पंचवीस रुपये. 'पंचवीस हजार' असं अक्षरी लिहिलं तर पीएचपी शून्य देईल आणि जावास्क्रिप्ट 'नॅन', म्हणजे 'ही संख्या नाही' अशी खूण. भाषेने तुमची सोय पाहिली आणि सभासदाचं काम बिघडवलं.

फॉर्ममधून येणाऱ्या आकड्यांबद्दल माझं एक ठाम म्हणणं आहे आणि पुढचा सगळा लेख त्याभोवतीच फिरणार आहे. सर्व्हरने आलेलं इनपुट परस्पर दुरुस्त करून घेऊ नये. जे पूर्णपणे, शेवटच्या अक्षरापर्यंत कळलं तेच घ्यावं आणि बाकीचं कारण सांगून परत करावं. अर्ज परत आला तर माणूस पुन्हा भरतो. चुकीचा आकडा आत गेला तर तो व्याजात, हप्त्यात, लेखापरीक्षणात फिरत राहतो आणि सहा महिन्यांनी कोणीतरी खातेवही उघडून डोकं धरतो.

(लेखातले आकडे छापण्याच्या रिवाजाप्रमाणे देवनागरीत आहेत. वापरकर्त्याने टाइप केलेले म्हणून जे दिले आहेत, ते वेगळं सांगितलं नसेल तिथे इंग्रजी अंकांतले समजावेत.)

ब्राउझरमधल्या तपासणीचा विषय पटकन संपवतो. एचटीएमएलमध्ये रकान्याचा प्रकार 'नंबर' ठेवला, किमान-कमाल मर्यादा घातल्या, जावास्क्रिप्टने लाल चौकट दाखवली, हे सगळं चांगलंच आहे, पण ते भरणाऱ्याच्या सोयीसाठी. सर्व्हरकडे येते ती एक एचटीटीपी विनंती, आणि ती कोणीही टर्मिनलमधून 'कर्ल'ची एक ओळ लिहून पाठवू शकतं. तिथे ना तुमचा फॉर्म असतो ना लाल चौकट. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये जाऊन कमाल मर्यादा पुसायला दहा सेकंद पुरतात. शिवाय 'नंबर' प्रकाराची स्वतःची दुखणी आहेत. रकान्यात कर्सर असताना माउसचं चाक फिरलं तर आकडा नकळत बदलू शकतो. ब्रिटिश सरकारच्या गव्ह-डॉट-यूके डिझाइन सिस्टिमच्या चमूने अशाच तक्रारींमुळे २०२० मध्ये आपली शिफारस बदलली. रकाना साधा मजकुराचाच ठेवा आणि 'इनपुटमोड' न्यूमेरिक करा, म्हणजे मोबाइलवर अंकांचा कीपॅड उघडतो आणि बाकीच्या भानगडी टळतात, असं ते सांगतात. हा सल्ला मला पटतो. मात्र मग अंक तपासण्याची जबाबदारी पूर्णपणे सर्व्हरवर येते, आणि तिची खरी जागा तीच आहे.

आधी मजकूर, मग आकार, मग किंमत

विनंतीतून जे येतं ते मजकूर असतं, आणि तो मजकूर आहे ना हेही आधी पाहावं लागतं. पीएचपीमध्ये पत्त्याच्या पट्टीत 'आयडी'पुढे चौकटी कंस घातले की तुमच्या हातात स्ट्रिंगऐवजी ॲरे येतो. जेसॉनमधून मागवत असाल तर रकमेच्या जागी 'ट्रू', 'नल' किंवा एखादा ऑब्जेक्टही येऊ शकतो. म्हणून पहिला प्रश्न प्रकाराचा.

दुसरा प्रश्न लांबीचा, आणि तो उरलेल्या सगळ्या प्रश्नांच्या आधी. रकमेच्या रकान्यात वीसपेक्षा जास्त अक्षरं कधी लागणार आहेत का? नसतील तर एकविसावं दिसताच परत पाठवा. हे केवळ नीटनेटकेपणासाठी नाही. पायथॉनमध्ये दशमान मजकुराचा पूर्णांक करायला लागणारा वेळ अंकांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे काही लाख अंकांची एकच स्ट्रिंग पाठवून सर्व्हरला घाम फोडता येतो. सप्टेंबर २०२२ मधल्या सुरक्षा-सुधारणेत पायथॉनने म्हणूनच ४,३०० अंकांची मर्यादा घातली. त्याहून चमत्कारिक प्रकार जानेवारी २०११ मधला. २.२२५०७३८५८५०७२०११ई-३०८ हा एकच आकडा ३२ बिटी प्रणालीवरच्या पीएचपीला दिला की रूपांतराचा कोड अनंत फेऱ्यांत अडकायचा. पुढच्याच महिन्यात जावातही जवळपास त्याच आकड्यावर तसाच दोष निघाला. दोन्ही दोष लगेच दुरुस्त झाले. पण त्या दिवसांतही ज्यांच्या रकान्यात दहा अंकांपलीकडे काही शिरत नव्हतं, त्यांचा तो रकाना या आकड्यापासून सुरक्षितच होता.

तिसरा प्रश्न आकाराचा. हवी असलेली गोष्ट अगदी नेमकी सांगा: सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त अंक, एक ते आठ. रुपये-पैसे हवे असतील तर त्यानंतर एक बिंदू आणि एक किंवा दोन अंक. रेजेक्समध्ये दोन्ही टोकं बांधायला विसरू नका, नाहीतर मधे कुठेतरी अंक सापडला म्हणून 'पाच किलो साखर ५' हेही चालून जातं. आणि डॉलर चिन्हाने शेवट बांधलात तर पीएचपी आणि पायथॉनमध्ये शेवटी येणारी एक नवी ओळ तेवढी सूट घेऊन आत येते, हेही ध्यानात ठेवा.

इथे बरेच जण म्हणतात, रेजेक्स कशाला, भाषेतच 'हा आकडा आहे का' विचारणारी फंक्शन्स आहेत की! आहेत, पण ती तुमचा प्रश्न विचारत नाहीत. पीएचपीचं 'इज-न्यूमेरिक' घ्या. त्याला उणे पाच चालतं, बिंदू-पाच चालतं, आधीची मोकळी जागा चालते, आवृत्ती ८ पासून नंतरचीही चालते, आणि '१ई५' सुद्धा चालतं, म्हणजे एकावर पाच शून्यं. सातच्या आधी तर सोळा-आधारी आकडेही चालायचे. प्रत्येक उत्तर त्याच्या जागी बरोबरच आहे, कारण ते फंक्शन पीएचपीच्या दृष्टीने संख्या कशाला म्हणायचं ते सांगतं. पतसंस्थेच्या दृष्टीने '१ई५' ही रक्कम नव्हे. जावास्क्रिप्टचं 'नंबर' हे 'पार्सइंट'पेक्षा कडक आहे, स्वल्पविराम पाहिला की सरळ नॅन देतं. पण रिकामी स्ट्रिंग दिली तर शून्य देतं, नुसती मोकळी जागा दिली तरी शून्य, आणि 'इन्फिनिटी' हा शब्द लिहिला तर खरोखर अनंत. पायथॉनचा 'इंट' बराच शिस्तीचा, तरी ३.६ आवृत्तीपासून त्याला '१_०००' हे हजार वाटतात, आणि 'फ्लोट'ला 'नॅन' हा मजकूर बिनदिक्कत चालतो.

या नॅनपाशी जरा थांबायला हवं, कारण त्याचं वागणं समजलं नाही तर बाकीची सगळी तपासणी वाया जाते. नॅनची कोणाशीही तुलना केली तरी उत्तर 'नाही' असतं. तो शंभरपेक्षा मोठा नाही, लहान नाही, आणि स्वतःइतकाही नाही. आता तुमचा नियम असा लिहिलेला असेल, की रक्कम पाच लाखांहून जास्त असेल तर नाकारा आणि शंभरहून कमी असेल तर नाकारा. नॅन दोन्ही फाटकांतून सहीसलामत आत जातो. तोच नियम उलटा लिहा: रक्कम शंभर किंवा जास्त असेल आणि पाच लाख किंवा कमी असेल तरच घ्या. आता नॅन बाहेरच राहतो. वाईट काय ते शोधण्यापेक्षा चांगलं काय ते नेमकं लिहिणं, हा नियम सुरक्षेच्या पुस्तकांत नेहमी भेटतो. तो का पाळायचा, ते या दोन ओळींत उघड दिसतं.

पीएचपीवाल्यांना माझी शिफारस 'फिल्टर-व्हार' आणि त्याचा पूर्णांक तपासणारा फिल्टर. त्याला किमान-कमाल मर्यादा तिथेच देता येतात, '१२एबीसी' त्याला चालत नाही आणि '००७' देखील चालत नाही. एकच खबरदारी घ्या. नापास झालं तर ते 'फॉल्स' देतं आणि शून्य आलं तर शून्य देतं, तेव्हा निकाल तीन बरोबरच्या चिन्हांनीच ताडून पाहा. दोन चिन्हं वापरलीत तर शून्य आणि नकार यांत फरक उरत नाही.

शून्याचा हा घोळ इथेच संपत नाही. पीएचपीत 'एम्टी' हे फंक्शन शून्य लिहिलेल्या स्ट्रिंगलाही रिकामी समजतं. जावास्क्रिप्टमध्ये रकमेपुढे उद्गारचिन्ह लावून 'काही आलं नाही का' असं विचारलं तर शून्याला तोच न्याय मिळतो. 'मागील थकबाकी' या रकान्यात सभासद प्रामाणिकपणे शून्य लिहितो आणि फॉर्म त्याला सांगतो, 'हा रकाना भरणं आवश्यक आहे.' तो पुन्हा शून्य लिहितो, पुन्हा तेच. भरलाच नाही आणि शून्य भरलं, या दोन गोष्टी कोडमध्ये पहिल्या ओळीपासून वेगळ्या ठेवा. डेटाबेसमध्येही रिकाम्यासाठी 'नल', शून्यासाठी शून्य.

देवनागरी अंकांचं काय करायचं

मराठी संकेतस्थळ चालवणाऱ्याने हा प्रश्न टाळू नये. फॉर्म मराठीत, सूचना मराठीत, सभासदाच्या मोबाइलवर कीबोर्ड मराठी. त्यावरून १५०० देवनागरीत टाइप झाले तर चूक त्याची कशी?

युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि नऊचा २४१५. इंग्रजी अंकांचे क्रमांक ४८ ते ५७. म्हणजे संगणकाच्या लेखी ही सर्वस्वी वेगळी चिन्हं आहेत, आणि त्यांच्याशी कसं वागायचं याबद्दल प्रोग्रामिंग भाषांचं एकमत नाही. पायथॉनचा 'इंट' देवनागरी पंधराशे बिनतक्रार घेतो. जावाचं 'पार्सइंट'ही घेतं. जावास्क्रिप्टचं 'नंबर' नॅन देतं, पीएचपीचं 'इज-न्यूमेरिक' नाही म्हणतं. रेजेक्समधल्या 'कोणताही अंक' या बॅकस्लॅश-डी खुणेचीही हीच तऱ्हा. जावास्क्रिप्टमध्ये तिचा अर्थ फक्त इंग्रजी अंक, तर पायथॉन तीनमध्ये आणि डॉटनेटमध्ये जगातल्या कुठल्याही लिपीतले अंक. डॉटनेटमध्ये तर दोन दारांवर दोन नियम आहेत. रेजेक्स देवनागरी अंक पास करतो आणि लगेच पुढच्या ओळीत 'इंट-पार्स' त्यांच्यावर अपवाद फेकतो. तपासून घेतलेल्या इनपुटवर पान कोसळतं आणि ते का कोसळलं हे इंग्रजी अंक टाइप करणाऱ्या डेव्हलपरला काही केल्या सापडत नाही.

पायथॉनमध्येही एक कोपरा आहे. 'इज-डिजिट' ही पद्धत वर्गाच्या चिन्हासारख्या वर लिहिलेल्या छोट्या दोनालाही अंक म्हणते, पण 'इंट' त्याला नाकारतो. तपासायचंच असेल तर 'इज-डेसिमल' वापरा.

उपाय सोपा आहे आणि तो एकाच जागी करायचा आहे. इनपुट हातात आल्यावर, लांबी पाहून झाल्यावर, २४०६ ते २४१५ मधल्या प्रत्येक चिन्हाच्या क्रमांकातून २४०६ वजा करा. उरतो तो अंक. तो इंग्रजी अंकाच्या रूपात मांडा आणि मग पुढची तपासणी फक्त इंग्रजी शून्य ते नऊ यांच्यावर करा, बॅकस्लॅश-डी न वापरता. हे परस्पर दुरुस्त करणं नव्हे का? नाही. देवनागरी पाच म्हणजे पाचच; इथे अंदाजाला जागा नाही. जिथे एकच अर्थ निघतो तिथे रूप बदलून घ्यायला हरकत नाही. जिथे दोन अर्थ निघू शकतात तिथे थांबायचं.

म्हणूनच 'सगळ्या लिपींतले अंक घेऊ' अशी उदारता दाखवू नका. बंगाली चार हा दिसायला थेट इंग्रजी आठासारखा असतो. पडद्यावर माणसाला एक आकडा दिसतो, सर्व्हर दुसराच नोंदवतो. तुमच्या वापरकर्त्यांना लागतात तेवढ्याच लिप्या घ्या, आणि एकाच आकड्यात दोन लिप्या मिसळल्या असतील तर तो परत करा.

स्वल्पविरामांनाही हाच न्याय. १,५०,००० मधले स्वल्पविराम आपल्या रीतीप्रमाणे बसले आहेत: उजवीकडून पहिला गट तिनाचा, पुढचे दोनाचे. तसे बसले असतील तर काढून टाका. १५,०० असं आलं तर मात्र काढू नका. तो पंधराशे लिहिताना चुकलाय, पंधरा हजार लिहिताना एक शून्य राहिलंय, की पंधरा रुपये शून्य पैसे म्हणतोय, हे तुम्हाला सांगता येणार नाही. 'रु.' आणि '/-' हेही आपल्याकडे हाताच्या सवयीने लिहिले जातात. आधी 'रु.' किंवा रुपयाचं चिन्ह आणि नंतर '/-' चालेल, असं ठरवून कोडमध्ये तसं स्पष्ट लिहा. '५०००/-' ला 'पार्सइंट' पाच हजारच देतं, पण ते योगायोगाने. योगायोगावर पतसंस्था चालत नाही.

जे अंकांत लिहितात पण संख्या नसतात

मोबाइल नंबर, पिनकोड, आधार, खाते क्रमांक, सभासद क्रमांक. यांची कोणी बेरीज करत नाही, सरासरी काढत नाही. ही ओळखपत्रं आहेत आणि ती स्ट्रिंग म्हणूनच तपासावीत, स्ट्रिंग म्हणूनच साठवावीत. संख्या केली की सुरुवातीची शून्यं पहिल्या फटक्यात जातात, आणि ००४५२ हा सभासद ४५२ होऊन दुसऱ्याच कोणाच्या खात्यावर जाऊन बसू शकतो.

मोबाइलचा किस्सा जुन्या मायएसक्यूएलवर काम केलेल्या पुष्कळांना आठवेल. ३२ बिटी पूर्णांकाच्या कॉलममध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७. आपले मोबाइल नंबर दहा अंकी आणि सहा ते नऊने सुरू होणारे, म्हणजे यातला प्रत्येक नंबर त्या मर्यादेच्या बाहेरचा. कडक मोड नसेल तर मायएसक्यूएल तक्रार न करता कमाल संख्या ठेवून द्यायचं. मग टेबल उघडलं की प्रत्येक माणसापुढे एकच नंबर, २१४७४८३६४७. अमेरिकेत तर गंमत अशी की २१४ हा डॅलसचा एरिया कोड आहे, त्यामुळे तिथे तो खराखुरा फोन नंबर वाटतो. मायएसक्यूएल ५.७ पासून कडक मोड मूळ सेटिंगमध्येच आहे. पण जुन्या होस्टिंगवर तो बंद केलेला आढळतो, तेव्हा तुमच्याकडे काय आहे ते एकदा पाहून घ्या.

नोडमध्ये धोक्याची रेषा वेगळी आहे. जावास्क्रिप्टला ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचे पूर्णांक अचूक कळतात. शेवटी ९९३ असलेला त्याच्या पुढचा आकडा जेसॉनमधून आला की त्याचा ९९२ होतो, गुपचूप. ट्विटरला २०१० मध्ये आपल्या ट्वीट-क्रमांकांसाठी याच कारणाने स्ट्रिंगचा वेगळा रकाना द्यावा लागला. सतरा-अठरा अंकी खाते क्रमांक जेसॉनमध्ये अवतरणचिन्हांशिवाय पाठवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

ओळखपत्राची तपासणी स्वतःच्या नियमांनी होते. पिनकोड सहा अंकी, पहिला अंक शून्य नाही. मोबाइल दहा अंकी, पहिला सहा ते नऊ. आधार बारा अंकी, पहिला अंक शून्य किंवा एक नाही, आणि शेवटचा अंक व्हरहूफ पद्धतीने काढलेला तपासणी अंक. डच गणिती याकोबस व्हरहूफ यांची ही पद्धत १९६९ ची. टाइप करताना एखादाच अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ती हमखास पकडते. दहा-वीस ओळींच्या कोडमध्ये बसणारी ही तपासणी पुष्कळ फॉर्ममध्ये नसतेच, आणि चुकीचा आधार क्रमांक दोन महिन्यांनी पडताळणीत उघडा पडतो.

पैसे आणि पैसा

रक्कम फ्लोटमध्ये ठेवू नका. १९.९९ ला शंभराने गुणून पैसे करायला गेलात तर फ्लोटमध्ये उत्तर येतं १९९८.९९९ च्या पुढचं काहीतरी, आणि त्याचा पूर्णांक केला की १९९८. एक पैसा गळाला. एका व्यवहारात तो दिसतही नाही. पिग्मीच्या रोजच्या शेकडो नोंदींनंतर ताळेबंद जुळेनासा होतो आणि कोणीतरी रात्री जागतं. रक्कम मजकूर असतानाच बिंदूवर तोडा. डावीकडचा भाग रुपये, उजवीकडचा पैसे, एकच अंक असेल तर त्यापुढे शून्य जोडा, आणि दोन्ही मिळून एक पूर्णांक पैशांत ठेवा. रेझरपेसारखे पेमेंट गेटवेही रक्कम पैशांतच मागतात. डेटाबेसमध्ये दशांश प्रकार वापरायचा असेल तर तोही ठीक, फ्लोट मात्र नको.

आकडा खरा, पण शक्य आहे का?

इथवर आलेला आकडा आता निःसंशय आकडा आहे. खरी परीक्षा पुढेच असते.

८ डिसेंबर २००५ ला टोकियो शेअर बाजारात जे-कॉम ही कंपनी नोंदली गेली. त्या सकाळी मिझुहो सिक्युरिटीजच्या एका कर्मचाऱ्याला एक शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता. त्याने भरलं ते असं: ६,१०,००० शेअर, प्रत्येकी एक येन. दोन्ही रकान्यांत पूर्णांक, दोन्ही धन, लांबी ठीक, आकार ठीक. आतापर्यंत सांगितलेल्या प्रत्येक तपासणीत ही ऑर्डर पास होते. पण जे-कॉमचे एकूण शेअर होते १४,५००. म्हणजे जगात अस्तित्वात असलेल्या शेअरच्या चाळीसपटींहून अधिक शेअर विकायला काढले गेले होते. एक साधी तुलना, विक्रीची संख्या एकूण शेअरपेक्षा जास्त असेल तर नाकारा, एवढी असती तर तो दिवस कोणाच्या लक्षात राहिला नसता. ऑर्डर रद्द करण्याचे प्रयत्न बाजाराच्या प्रणालीतल्या दोषामुळे फसले आणि मिझुहोला सुमारे ४० अब्ज येनचा फटका बसला.

तिथे सूचना आली नव्हती असं नाही. आली होती, आणि ती ओलांडून पुढे जाता येत होतं. लंडनमध्ये २ मे २०२२ ला सिटीग्रुपच्या एका ट्रेडरने ५.८ कोटी डॉलरची विक्री करायला घेतली आणि रकान्याच्या गोंधळात ४४४ अब्ज डॉलरची ऑर्डर तयार झाली. त्याच्यापुढे ७११ सूचना उघडल्या, त्यांतल्या पहिल्या १८ ओळीच पडद्यावर दिसत होत्या, आणि सगळ्या एका फटक्यात बाजूला सारता आल्या. काही भाग कडक मर्यादांनी अडवला, तरी १.४ अब्ज डॉलरचे शेअर विकले गेले. सूचना म्हणजे तपासणी नव्हे. अशक्य असेल ते अडवा. शक्य पण नेहमीचं नसेल, त्यासाठीच सूचना राखून ठेवा, आणि ती एकच ठेवा.

नेहमीपेक्षा मोठ्या रकमेसाठी बँकेच्या स्लिपवरची जुनी रीत उत्तम: 'अक्षरी रुपये'. पुष्टीच्या पानावर सर्व्हरने स्वतःकडे नोंदलेली रक्कम अक्षरांत दाखवावी, 'एक लाख पन्नास हजार रुपये फक्त'. शून्यं मोजताना डोळा चुकतो, 'पंधरा लाख' वाचताना चुकत नाही. आणि ज्या सभासदाच्या दीड लाखाचा एक रुपया झाला, त्यालाही 'एक रुपया फक्त' तिथेच दिसलं असतं.

मर्यादा ठरवायला डेव्हलपर एकटा पुरत नाही. कर्जाची कमाल रक्कम, मुदतीचे महिने, व्याजदर हे संस्थेच्या उपविधींत आणि व्यवस्थापकाच्या डोक्यात असतं. त्यांच्यासोबत बसून रकान्यागणिक विचारा. व्याजदर १२ असा येणार की ०.१२ असा, हेही तेव्हाच ठरवा. मग रकान्यांची आपसांत गाठ घाला: हप्ता रकमेपेक्षा मोठा नको, काढायची रक्कम शिलकीपेक्षा जास्त नको, जामीनदाराचा सभासद क्रमांक अर्जदाराचाच नको. दुकानाच्या संकेतस्थळावर नगसंख्या उणे येऊ दिली तर बिल कमी करण्याची युक्ती गिऱ्हाइकाच्या हाती दिल्यासारखं होतं. आणि जो आकडा सर्व्हरला स्वतः काढता येतो तो बाहेरून घेऊच नका. वस्तूचा क्रमांक आणि नग घ्या; किंमत, सूट, एकूण बेरीज डेटाबेसमधून काढा. लपवलेल्या रकान्यातून आलेली किंमत ही गिऱ्हाइकाने स्वतः लिहिलेलीच किंमत असते.

एसक्यूएल इंजेक्शनबद्दल थोडक्यात: आकड्यांभोवती अवतरणचिन्हं नसतात, म्हणून अवतरणचिन्हं निष्प्रभ करणारी फंक्शन्स तिथे काहीच वाचवत नाहीत. '५ ऑर १=१' मध्ये अवतरणचिन्ह आहेच कुठे? तपासणी कितीही कडक असली तरी क्वेरी प्रिपेअर्ड स्टेटमेंटनेच चालवा.

नाकारताना काय सांगायचं

'अवैध इनपुट' हा संदेश लिहिणाऱ्याने समोरच्या माणसाचा विचार केलेला नसतो. रकाना कोणता, काय हवं आहे आणि कसं लिहायचं, हे तिन्ही सांगा: 'रकमेतले स्वल्पविराम चुकीच्या जागी आहेत. पंधराशे रुपये असतील तर १५०० किंवा १,५०० असं लिहा.' त्याने भरलेलं सगळं तसंच परत दाखवा, चुकलेला आकडासुद्धा. वीस रकाने पुन्हा भरायला लावले तर माणूस फॉर्म सोडून कार्यालयात येतो. परत दाखवताना तो मजकूर एचटीएमएलसाठी एस्केप करायला चुकू नका, कारण नापास झालेलं इनपुट म्हणजे सर्वांत कमी भरवशाचं इनपुट. आणि सगळ्या चुका एकदम सांगा, एकेक करून नव्हे.

चाचण्यांसाठी एक ओंजळभर आकडे कायम जवळ ठेवा. रिकामं, नुसती मोकळी जागा, शून्य, उणे शून्य, उणे एक, मर्यादेच्या अलीकडचा आणि पलीकडचा प्रत्येकी एक, '१ई५', 'नॅन', १,५०,०००, १५,००, ५०००/-, देवनागरी १५००, अर्धा देवनागरी अर्धा इंग्रजी, हजार अंकांची रांग, शेवटी नवी ओळ असलेला आकडा, आणि आकड्याऐवजी ॲरे. प्रत्येक नव्या रकान्याला हे सगळे स्वयंचलित चाचणीतून दाखवा. एकदा लिहिली की अर्ध्या मिनिटात चालते.

चालू संकेतस्थळावर नवे नियम लावण्याआधी जुना डेटा चाळा. एक रुपयाची कर्जं, २१४७४८३६४७ हे मोबाइल, उणे रकमा, पाच अंकी पिनकोड शोधून काढा. नाहीतर एखादा सभासद फक्त पत्ता बदलायला येतो आणि दहा वर्षांपूर्वीच्या चुकीच्या पिनकोडवर त्याचा फॉर्म अडतो. नियम लावल्यावर पहिले काही आठवडे काय नाकारलं जातंय याची नोंद ठेवा. एकाच कारणाने पुष्कळ अर्ज परत जात असतील तर बहुधा तुमचा रकाना किंवा त्याची सूचना बदलायला हवी. त्या नोंदीत आधार आणि खाते क्रमांकांचा टाइप झालेला मजकूर मात्र लिहू नका. रकान्याचं नाव, अक्षरांची लांबी आणि नाकारण्याचं कारण एवढं पुरतं.